मार्सेयवाली सिसिलबाय

गेल्या महिन्यात मस्कतच्या आपल्या मंडळाची स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो आणि मधोमध ओमानमध्ये नाव कमावलेल्या मराठी माणसांची चार पानं. त्यातल्या एका अख्ख्या पानावर मत्रहच्या एका हॉटेलचे मॅनेजर कोट घालून हसताहेत. माझ्या दुकानाची जाहिरात होती म्हणून एक प्रत मला आली. मी ती पुढून मागून दोनदा चाळली. सिसिलबायचं नाव कुठेच नव्हतं. मी संपादकांना फोन लावला.

ते म्हणाले, "सुर्वेसाहेब, हाऊसकीपिंगच्या बाईंवर काय लिहिणार? आणि त्या आता ओमानमध्ये नाहीत ना."

"त्या इथे का नाहीत, ते त्या कोटवाल्याला विचारा," मी म्हटलं आणि फोन आपटला. माझा स्वभाव तापट आहे हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे, तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही. स्मरणिकेने जे लिहिलं नाही ते मी लिहितो आहे. कुणी छापो न छापो.

मत्रहच्या बाजारात समुद्राकडून शिरलात की डाव्या हाताला माझं लोबान, अत्तर आणि शालींचं दुकान. राजापूरकडून आलो तेव्हा याच गल्लीत चहाचे पेले पोचवत होतो. आता पाटीवर अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, नाव आहे आणि आत माझा शब्द चालतो. सिसिलबाय दुपारची ड्यूटी संपली की दुकानात यायची. हॉटेलचा राखाडी झगा, पायात पांढरे कापडी बूट, चष्मा दोरीने गळ्यात. बुटकी, रुंद, आणि चालताना वाटावं की वाट तिच्या मालकीची आहे. आल्या आल्या फळीवरून बोट फिरवायची आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरायची.

"सुर्वे, दुकान आहे की गोडाऊन?"

"सिसिलबाय, गिऱ्हाईक आहे समोर. जरा हळू."

"हळू कशाला? मी काय चोरी केलीय?"

हे तिचं ठरलेलं वाक्य. बँकेत, रुवीच्या चर्चच्या पायऱ्यांवर, डॉक्टरच्या खोलीत, सगळीकडे ती हेच म्हणायची. मग शालींच्या गठ्ठ्यावर बसून चहा मागायची. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर ती कधीच बसली नाही. "त्या स्टुलावर बसलं की माणसाला काहीतरी विकत घ्यावं लागतं," म्हणायची.

ती वसईजवळच्या गिरीजची. नवरा मिंगेल जहाजांवर फिटर होता. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात जहाज दुरुस्तीला लागलं, तिथे त्याला गोदीत काम मिळालं, आणि त्याने हिला बोलावून घेतलं. पुढे तो तिथेच वारला. मग मस्कतमधल्या एका नातेवाइकाने हिला हॉटेलात लावलं, कारण फ्रेंच पाहुणे यायचे आणि त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. मार्सेयमध्ये सगळे हिला 'हिंदू बाई' म्हणायचे, गळ्यात क्रूस असूनसुद्धा. मत्रहमध्ये ती 'बॉम्बेवाली'. वसईला सुट्टीवर गेली की 'मार्सेयवाली'. "कुठेच मला सिसिल म्हणत नाहीत," असं ती चिडून नाही, हिशेब सांगावा तशी सांगायची.

हिवाळ्यात मत्रहच्या धक्क्याला पर्यटकांची मोठी जहाजं लागतात. एकदा टोपीवाला एक फ्रेंच गृहस्थ दुकानात शिरला, लोबानच्या पिशवीवर बोट ठेवून म्हणाला, "कॉम्बियां?" म्हणजे केवढ्याला. मी तोंड उघडणार, तोच गठ्ठ्यावरून आवाज आला.

"बोंजूर, मस्यू."

त्याने ऐकलं न ऐकलं केलं. पुन्हा, "कॉम्बियां?"

"बोंजूर, मस्यू."

त्याची बायको हसायला लागली. गडी लाल झाला, पण टोपी काढून "बोंजूर, मादाम" म्हणाला. मग सिसिलबायने त्याला जे सुनावलं त्याचा अर्थ तिने मला नंतर सांगितला. "तुमच्या देशात पहिल्या दिवशी मला पाव मिळाला नव्हता, कारण मी आधी नमस्कार केला नाही. रिकाम्या हाताने घरी गेले. इथे ओमानी माणूस आधी सलाम करतो, तब्येत विचारतो, घरच्यांची विचारपूस करतो, कहवा देतो आणि मग भाव सांगतो. तुम्ही तर आमच्यापेक्षा शिकलेले."

"अगं बाई, गिऱ्हाईक पळवशील," मी म्हटलं.

"पळून कुठे जाईल? बंदरापर्यंत. जहाज संध्याकाळी सुटतंय."

त्या माणसाने दुप्पट माल नेला. तिचं फ्रेंच ऐकून सगळेच फ्रेंच आधी दचकायचे आणि मग खूश व्हायचे, कारण ते शाळेतलं नव्हतं, मार्सेयच्या जिन्यातलं होतं. ती सांगायची, "मी फ्रेंच भांडणातून शिकले."

भांडण मादाम आंजेलशी. मार्सेयच्या त्या जुन्या इमारतीत सिसिलबाय वर, ही कोर्सिका बेटावरची विधवा तिच्या खालच्या मजल्यावर. बोंबील भाजले की आंजेल जिन्यात येऊन ओरडायची. सिसिलबाय वरून मराठीत उत्तर द्यायची. कपड्यांचं पाणी ठिबकलं की पुन्हा तेच. काही महिन्यांनी हिला कळायला लागलं की खालची काय म्हणते आहे. आणखी काही महिन्यांनी खालचीला कळायला लागलं की ही त्याच शब्दांत परत देते आहे. "त्या दिवशी ती पहिल्यांदा गप्प झाली," सिसिलबाय सांगायची. "मला वाटलं जिंकले. तर दुसऱ्या दिवशी कॉफी घेऊन वर."

त्या घरांच्या भिंतींना ओल यायची. गाद्या ओल्या, पोरं खोकताहेत, आणि मालक डागडुजी करत नव्हता. त्याचं शहरातल्या चांगल्या रस्त्यावर बुटांचं चकचकीत दुकान होतं. इमारतीत अल्जीरियाचे, कोमोरोसचे, आर्मेनियाचे लोक. एरवी एकमेकांच्या मुलांना जिन्यात खेळू न देणारे. सिसिलबाय आणि आंजेल दारोदार फिरल्या. एका शनिवारी दुकानात गर्दी असताना सगळ्या बायका आपापल्या ओल्या गाद्या डोक्यावर घेऊन गेल्या आणि काचेच्या कपाटांवर वाळत घातल्या. मालक म्हणाला, "पोलीस बोलावतो." आंजेल म्हणाली, "बोलवा, त्यांना बसायला गादी आहे." पुढच्याच आठवड्यात गवंडी आले.

मिंगेल गेला तेव्हा सिसिलबायकडे पुरायला जागा नव्हती. आंजेल म्हणाली, "माझ्या घराण्याच्या थडग्यात जागा आहे." तिकडे अशी दगडी कोठीच असते, खाली घराण्याचे लोक एकावर एक. आंजेलच्या नातेवाइकांनी कटकट केली, तेव्हा एवढं ठरलं की माणूस आत राहील, पण दगडावर नाव लागणार नाही. सिसिलबायने मान्य केलं. त्या दिवशी तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. पण ती गोष्ट तिच्या मनात काट्यासारखी राहिली. पुढे आंजेलही त्याच थडग्यात गेली. तिचं नाव लागलं. मिंगेल तसाच, नावावाचून, तिच्याखाली.

मार्सेयहून फोन आला तेव्हा ती माझ्या दुकानात होती. आंजेलचा भाचा बोलत होता. त्याची आई, म्हणजे आंजेलची बहीण, फार आजारी होती आणि तिला बहिणीजवळ विसावायचं होतं. थडगं भरलेलं. त्याने ते उघडायची परवानगी काढली होती. परक्या माणसाची हाडं पालिकेच्या सामायिक खड्ड्यात जातील, कळवायचं म्हणून कळवतोय, असं म्हणाला. सिसिलबायने फोन ठेवला. चहा तसाच सोडला. "परका," एवढंच म्हणाली.

योगायोगाने मलाही मार्सेयला जायचं होतं. तिथला एक साबणवाला माझ्याकडून लोबान घेणार होता आणि मला दुभाषी हवा होता. मी म्हटलं, चल. व्हिसाची खटपट माझ्या अर्बाबच्या ओळखीने झाली. अडला तो तिचा मॅनेजर, स्मरणिकेतला तोच कोटवाला, आपलाच, साताऱ्याकडचा. जहाजांचा सीझन आहे, रजा नाही, म्हणाला. सिसिलबाय त्याच्या टेबलासमोर उभी राहिली आणि गेल्या सगळ्या वर्षांत तिने कोणत्या सणाला कुणाच्या बदली काम केलं ते मोठ्याने म्हणायला लागली. बाहेर पाहुणे थबकले. त्याने आठवड्याची रजा दिली आणि बजावलं, "एक दिवस जास्त झाला तर खलास. व्हिसा कॅन्सल."

मार्सेय मला पहिल्या तासात ओळखीचं वाटलं. बंदर, मासळीच्या टोपल्या, गल्लीत मसाल्याची पोती, रस्त्यावर मांडलेले बूट, सगळे ओरडताहेत. फक्त वारा वेगळा. उत्तरेकडून असा थंड सुटतो की टोपी, पिशवी, माणसाचा तोरा, काही जागेवर राहत नाही.

मेट्रोत तिकीट तपासनीस चढले. भरलेल्या डब्यातून त्यांनी नेमकी दोन माणसं निवडली: मी आणि एक अरबी चेहऱ्याचा गडी. माझं तिकीट दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग पासपोर्ट मागितला. माझं डोकं तापलं होतं, मी मराठीतच सुरू होणार होतो. सिसिलबायने मला कोपराने मागे सारलं आणि आपलं तिकीट तपासनिसाच्या छातीसमोर धरलं.

"बोंजूर. माझंही बघा."

"गरज नाही, मादाम."

"का नाही? मी पण याच डब्यात आहे. ही ताई पण आहे. ते सूटवाले पण आहेत." आणि ती डब्याकडे वळली. "काढा हो सगळ्यांनी. साहेबांना तिकिटं बघायची आहेत."

आधी कुणी हललं नाही. मग एका म्हाताऱ्या बाईने पर्स उघडली. मग एका मुलीने मोबाइल पुढे केला. बघता बघता अर्ध्या डब्याने हात वर केले. सूटवाल्यानेही केला, नाइलाजाने. तपासनीस पुढच्या स्टेशनवर उतरले. एक जण मात्र "आपल्या देशात जा" असं काहीतरी पुटपुटला. सिसिलबायने ते मला भाषांतर करून सांगितलं आणि म्हणाली, "त्याला विचारणार होते, कुठल्या? तीन आहेत."

भाच्याला आम्ही कॉफीच्या दुकानात भेटलो. बस चालवणारा मध्यम वयाचा माणूस, डोळ्यांखाली जागरण. वाईट माणूस नव्हता, हे मला मान्य करावं लागतं. पण सौदा म्हटला की बोलणी माझ्या हातात असावीत असं मला वाटतं. मी सिसिलबायला म्हटलं, "तू फक्त भाषांतर कर." मी सांगितलं की त्याने वसईला हाडं पोचवायचा सगळा खर्च द्यावा, वर भरपाई द्यावी. हे अर्थातच चढवून सांगितलेलं होतं. तो खाली येईल, मी खाली येईन, अशी रीत आहे. तो "नाही" म्हणाला. तेव्हा मी मत्रहमध्ये करतो तेच केलं. उठलो, सिसिलबायला उठवलं आणि दाराकडे निघालो. दारापर्यंत पोचायच्या आत समोरचा हाक मारतो. आमच्या बाजारात असं हजारदा झालंय.

हाक आली नाही. मी काचेतून मागे पाहिलं. त्याने कॉफीचे पैसे दिले, कोट चढवला आणि दुसऱ्या दाराने निघून गेला.

"सुर्वे," सिसिलबाय म्हणाली, "इथे माणूस निघाला म्हणजे निघाला असं समजतात."

"मग सांगायचं नाही आधी?"

"मला काय माहीत तू नाटक करतोयस? मला वाटलं तुला लघवीला जायचंय."

मी अजूनही म्हणतो की चाल बरोबर होती, माणूस चुकीचा होता.

मग त्या माणसाला शोधायला आम्ही वाऱ्यात उभे राहून एकामागून एक बस पाहिली. अखेर शहराच्या उत्तरेकडच्या उंच इमारतींमधल्या शेवटच्या थांब्यावर तो सापडला. रिकाम्या बसच्या पायरीवर पाव खात बसला होता. सिसिलबाय त्याच्याशेजारी बसली आणि मला म्हणाली, "तू आता गप्प."

"तुझी आई कशी आहे?" तिने आधी हे विचारलं. तो बराच वेळ बोलला. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "तुझ्या आईला जागा मिळालीच पाहिजे. बहिणीजवळच."

मला धक्का बसला. असं कुणी बोलणी सुरू करतं?

ती पुढे म्हणाली, "आमच्या वसईला चर्चच्या आवारात कुणालाच कायमची जागा नसते. काही वर्षांनी खड्डा उघडतात, हाडं गोळा करतात, घरचेच लोक उभे असतात, आणि पुढच्याला जागा करून देतात. माझ्या सासूची हाडं मी स्वतः उचलली आहेत. मिंगेलची हाडं एवढ्याशा पेटीत बसतील. ती आंजेलच्या पायाशी ठेव. बाकी सगळी जागा तुझ्या आईची."

भाच्याने घास गिळला आणि पाव खाली ठेवला. त्याला भांडण हवं होतं बहुतेक. भांडणाला काय उत्तर द्यायचं हे त्याने ठरवलेलं असणार. तो हळूच म्हणाला, "तसं करता येतं. इथेही करतात."

"करता येतं ना? मग आता माझं ऐक. दगडावर त्याचं नाव लागेल."

तो लगेच आखडला. घरचे लोक काय म्हणतील, आडनाव वेगळं आहे, लोक विचारतील हा कोण. पाहिजे तर कोपऱ्यात दोन आद्याक्षरं लावू.

सिसिलबाय उभी राहिली. तिचा आवाज चढला आणि थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. "त्याने तुमच्या बंदरात जहाजं जोडली. तुझी मावशी आजारी होती तेव्हा तिला पाठीवर घेऊन चार मजले उतरला. तेव्हा कुणी विचारलं नाही हा कोण. जागा मी सोडते आहे, अख्खी. नाव अर्धं करणार नाही. पूर्ण नाव, खाली गावाचं नाव. मला खर्च नको, भरपाई नको, या सुर्व्याचं काही ऐकू नकोस."

भाच्याने पाव कागदात गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाला, "मिंगेलने मला सायकल शिकवली होती."

"मग?"

"लावू," तो म्हणाला.

मी आयुष्यभर घासाघीस करून पोट भरलं. समोरच्याला हवं ते आधीच देऊन टाकायचं आणि मग आपली एकच गोष्ट मागायची, असा सौदा मी कधी केला नाही. माझ्यात ते धाडस नाही, आणि खरं सांगायचं तर आजही मी ते करणार नाही.

थडगं उघडलं त्या दिवशी कामगारांनी भोवती कापड लावलं. मी दूर सुरूच्या झाडाखाली उभा राहिलो. आमच्याकडे अग्नी देतात, मला ते पाहवणार नव्हतं. भाचाही माझ्याजवळ येऊन उभा राहिला. सिसिलबाय मात्र कापडाच्या आत गेली. बाहेर आली तेव्हा झग्याला हात पुसत होती. डोळे लाल होते. म्हणाली, "दात सगळे शाबूत आहेत रे. आणि जिवंत असताना दात दुखतात म्हणून दर रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवायचा."

नाव कोरणारा मात्र येईना. वारा फार आहे, म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आमचं परतीचं विमान होतं. मी तिला समजावलं. भाच्याने शब्द दिला आहे, तो करून घेईल, फोटो पाठवेल. तिकडे मॅनेजर वाट बघतोय, पेन्शन नाही, दुसरी नोकरी या वयात मिळणार नाही.

"एकदा मी मान डोलावली आणि नाव राहिलं," ती म्हणाली. "आता मी समोर उभी राहणार."

"आणि नोकरी?"

"नोकरी तरी कुणाचं नाव लावून करत होते मी?"

निघायच्या दिवशी मी सामान घेऊनच दफनभूमीत गेलो, वाटलं शेवटच्या क्षणी तरी ऐकेल. कारागीर आला होता. दगडाशी गुडघ्यावर बसून पहिल्या अक्षराच्या खुणा करत होता. सिसिलबाय त्याच्यामागे पाय रोवून उभी होती, डोक्याला माझ्याच दुकानातली शाल घट्ट बांधून, वाऱ्याला पाठ देऊन. छिन्नीचे टोले सुरू झाले तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो कानाला न लावता स्पीकर सुरू केला. तिला चोरून बोलायची सवयच नव्हती. मॅनेजरचा आवाज त्या शांत जागेत घुमला.

"सिसिल मॅडम, उद्या सकाळी ड्यूटी आहे तुमची. लक्षात आहे ना? कुठे आहात तुम्ही?"

कारागीर थांबला. तिने हाताने त्याला 'चालू दे' अशी खूण केली.

"ड्यूटीवरच आहे," ती म्हणाली, आणि फोन बंद करून झग्याच्या खिशात टाकला.